बेडकाचा कोष

माझ्या भाचीनं विज्ञानाच्या वहीत समोरासमोरच्या पानांवर दोन जीवनचक्रं काढली होती, डावीकडे फुलपाखराचं आणि उजवीकडे बेडकाचं. फुलपाखरू काळं-निळं, कारण आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणाशी पपनसाचं झाड आहे आणि त्यावर येणाऱ्या राणी पाकोळ्या ती रांगायच्या वयापासून बघत आलीय. बेडूक पिवळाधमक, मृगाच्या जोरदार पावसानंतर शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये येऊन बसतात तसा. बाण, नावं, रंगकाम सगळं मन लावून केलेलं. फक्त बेडकाच्या चक्रात, भैर म्हणजे बेडूकमासा आणि पूर्ण बेडूक यांच्या मध्ये, तिनं एक कोष काढला होता. पाण्यातल्या गवताच्या काडीला टांगलेला, राखाडी रंगाचा. बाईंनी त्यावर लाल फुली मारून बाजूला लिहिलं होतं, ‘बेडकाला कोष नसतो.’ मी वही चाळत होते तशी ती म्हणाली, “नसतो ते माहितीये मला, मावशी. पण मग तो बदलायला जातो कुठे?” मी म्हटलं, कुठे नाही, पाण्यातच. “सगळ्यांसमोर?”

हो, सगळ्यांसमोर.

तेरावं वर्ष चालू आहे तिला. वर्षभरात माझ्या खांद्याच्या वर गेलीय. घोळक्यात फोटो काढायचा म्हटलं की मागच्या रांगेत शिरते, हसताना ओठ मिटून घेते, आणि घरात असली की तिच्या खोलीचं दार लोटलेलं असतं. आत काय चाललंय हे आम्ही कुणी विचारत नाही. त्यामुळे तिनं बेडकाला दिलेला तो कोष मला चूक म्हणून बघवेना. तिला बेडकाची काळजी वाटली होती, आणि ती काळजी मग मलाही चिकटली. पपनसाचं झाड आणि प्लॉटमधला खड्डा मी त्याआधीही बघत होते. पण या दोघांना एकमेकांशेजारी ठेवून बघायला लागले ते तेव्हापासून.

कोष कसा होतो ते पपनसामुळे मला हाताच्या अंतरावरून बघायला मिळालं. मादी झाडाभोवती घिरट्या घालते, पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी पान चाचपते. फुलपाखराला चव पायांनी कळते. पान लिंबाच्या कुळातलंच आहे अशी खात्री पटली की एक अंडं ठेवून ती दुसऱ्या पानाकडे जाते. अंड्यातून निघालेली अळी हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, त्यामुळे तिला चोच लावायला सहसा कुणी जात नाही. वाढत वाढत ती हिरवी होते, डोक्यामागे डोळ्यांसारखे ठिपके उमटतात, आणि डिवचलं तर तिथूनच एक दुभंगलेलं ओलं शिंग बाहेर काढून ती उग्र, आंबूस वास सोडते. एवढं सोडलं तर काम एकच, खाणं. आणि मग एके दिवशी खाणं थांबतं. पोटातलं उरलंसुरलं पातळ विष्ठेवाटे टाकून अळी भटकायला लागते, एखादी काटकी निवडते, शेपटीच्या टोकाशी रेशमाची छोटीशी गादी करते, पाठीवरून रेशमाचा धागा टाकून स्वतःला काटकीशी बांधून घेते आणि अंग आखडून बसते. पुढे डोक्यामागची कातडी उकलते आणि इंचाइंचानं मागे सरकत शेपटीपाशी गोळा होते. आता सगळ्यात अवघड काम उरलेलं असतं. जुन्या कातडीतून शेपटीचं टोक सोडवायचं आणि खाली न पडता ते रेशमाच्या गादीत रोवायचं. पाय कातडीबरोबर गेलेले, आधार काय तो पाठीवरच्या धाग्याचा. ती ते टोक हवेत फिरवत राहते, गादी सापडली की रोवते आणि अंगाला असे काही पीळ देते की कातडी सुटून खाली पडते. हे पाहताना मी श्वास रोखून धरते, दर वेळी.

यानंतर जे उरतं त्याला आपण कोष म्हणतो. पण राणी पाकोळीचा कोष म्हणजे तिनं विणलेलं घर नव्हे. तसं घर रेशीमकिडा विणतो. इथे जुन्या कातडीखाली तयार असलेली पुढची कातडी उघड्यावर येते आणि कडक होते, बस. हिरव्या पाल्यात असेल तर ती बहुधा हिरवी, वाळक्या काटकीवर असेल तर तपकिरी, लपायची सोय म्हणाल तर तेवढीच. कोष अजून ओला, मऊ असताना बारीक परजीवी गांधीलमाश्या त्यावर टपलेल्या असतात. त्यांनी आत अंडी घातली तर काही दिवसांनी फुलपाखराऐवजी त्यांचीच पिल्लावळ बाहेर पडते. कोषातल्या जिवाला पळता येत नाही, फार तर अंगाला हिसका देता येतो. भाचीच्या मनात जे लोटलेलं दार होतं, ते फुलपाखरालाही नाही.

बेडकाचं तर सगळंच उघड्यावर. शेजारच्या प्लॉटवर कुणीतरी इमारतीच्या पायासाठी खड्डा खणला, काम थांबलं, आणि तेव्हापासून पावसाळ्यात तिथे तळं साचतं. पहिला दमदार पाऊस पडून गेला की रात्रभर इंडियन बुलफ्रॉगचे नर ओरडतात. एरवी शेवाळी-तपकिरी असणारं हे धूड त्या दिवसांत हळदीनं माखल्यागत पिवळं होतं आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना गर्द निळ्या पिशव्या फुगतात. राणी पाकोळीचा निळा रंग तिच्या पंखांवर शेवटपर्यंत राहतो, याचा फक्त माद्यांना साद घालण्यापुरता. विणीचे दिवस सरले की पिवळेपणाही उतरतो. आषाढात खड्डा भैरांनी भरून जातो, आणि त्या दृश्यात फार गोडवा शोधू नये. बुलफ्रॉगची भैरं मांसाहारी असतात. दुसऱ्या बेडकांची भैरं खातात, वेळ आली तर आपल्याच जातीचीही. पण त्यांच्यातले बदल बघत बसावं असेच असतात. आधी शेपटीच्या बुडाशी मागच्या पायांचे कोंब फुटतात, मग त्यांना गुडघे येतात, बोटं येतात, आणि हे सगळं पोहणं, खाणं, पळणं चालू असताना.

श्रावणात पाण्याच्या कडेच्या चिखलात अंगठ्याच्या नखाएवढी पिल्लं यायला लागतात, चार पायांची आणि तरीही शेपूटवाली. त्यातलं एक माझ्या चपलेपासून वीतभरावर आलं होतं. उडी मारायला गेलं आणि शेपटीच्या ओढीनं एका कुशीवर कलंडलं. सावरलं, परत पाण्यात शिरलं, तर तिथे पाय आडवे येऊ लागले. शेपटी हलवावी की पाय मारावेत हे त्याचं त्यालाच ठरेना. अंगावरची कातडी इतकी पातळ की पोटाखालची धडधड दिसत होती. पलीकडच्या कडेला वंचक बगळा उभा होता, मान आत घेऊन, घाई नसल्यासारखा. त्याला घाई नसतेच. १९७० च्या दशकात उत्तर अमेरिकेत अभ्यासकांनी सापांच्या पोटांत काय सापडतं ते तपासलं होतं, तेव्हा आढळलं की भैरं आणि पूर्ण झालेली पिल्लं यांच्या मानाने ही अधलीमधली, शेपूटवाली पिल्लंच जास्त पकडली जातात. भैर असतं तेव्हा पोहता येतं, बेडूक झाला की उडी मारता येते. मधल्या दिवसांत दोन्ही अर्धवट.

त्या दिवसांत तो जेवतही नाही.

हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर दोन्ही चित्रं एकदम जवळ आली. बेडकाचं तोंड बदलत असतं. कुरतडणारं बारकं तोंड जाऊन कानापर्यंत फाटलेला जबडा येतो, लांबलचक गुंडाळलेलं आतडं आखडून तोकडं होतं. खायचं कशानं आणि पचवायचं कुठे? कोषातल्या फुलपाखराचंही तेच, पानं चावणारे जबडे जाऊन मध ओढणारी सोंड घडत असते. दोघांचाही उपास. फुलपाखरू अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो काढतं. बेडूक आपल्या शेपटीवर काढतो. शेपूट गळून पडत नाही, ती आतल्या आत विरघळते. तिच्यातल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, त्यांचं सत्त्व रक्तात मिसळतं आणि पायांकडे, जबड्याकडे जातं. जिच्या जोरावर तो इतके दिवस जगला, वाचला, ती शेपूटच त्याची शिदोरी होते. मला यात काही क्रूर वाटत नाही. उलट बदलाच्या दिवसांत माणसं जुन्यातलंच काहीतरी खर्चून तगतात, हे मी जवळून पाहिलंय. आईच्या आजारपणात माझ्या बहिणीनं गाणं सोडलं, तेव्हाची ती आणि नंतरची ती यांच्या मधल्या वर्षी ती आधीच्या गाण्यावरच जगत होती असं मला आजही वाटतं. ते वर्ष तिनं चारचौघांत काढलं. लोक येत होते, जात होते, “कशी झालीस गं” म्हणत होते.

शरीराला बदलायची वेळ कळते कशी, याबाबतीत मात्र हे दोघे एकमेकांच्या उलट्या टोकांना आहेत, आणि दोघांची तुलना करताना मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतं ते हेच. १९१२ साली गुडरनॅच नावाच्या शास्त्रज्ञानं भैरांना घोड्याच्या थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खायला घातले. ती भैरं वाढायची थांबली आणि वेळेच्या कितीतरी आधी अगदी चिमुकले बेडूक होऊन बसली. पुढच्या प्रयोगांत ग्रंथीच काढून टाकली, तर भैरं नुसती मोठी मोठी होत गेली, बेडूक झालीच नाहीत. म्हणजे बेडकात काहीतरी यावं लागतं, थायरॉइडचं संप्रेरक रक्तात चढावं लागतं. अळीत उलटं. तिच्यात एक संप्रेरक असतं, जे तिला अळीच ठेवतं. ते आहे तोवर कात टाकली तरी पुन्हा अळीच, थोडी मोठी. ते ओसरलं की पुढची कात टाकल्यावर कोष होतो. रेशीमकिड्याच्या लहान अळीतून ते संप्रेरक तयार करणाऱ्या ग्रंथी काढल्या, तर ती वेळेआधीच खुजा कोष करते. एकाचं बालपण कुणीतरी येऊन संपवतं, दुसऱ्याचं कुणीतरी निघून गेल्यानं. आणि बेडकातली आणखी एक गोष्ट मला थक्क करते. भैराच्या शेपटीचा तुकडा कापून काचेच्या बशीत जिवंत ठेवला आणि त्यात थायरॉइडचं संप्रेरक घातलं, तर तो तुकडा आकसून संपतो. तेच संप्रेरक पायाला वाढायला सांगतं. निरोप एकच, शेपटी तो ऐकून मरते आणि पाय तो ऐकून लांब होतो.

या दोघांना शेजारी ठेवणारी माझी भाची पहिली नव्हे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये यान स्वामरडाम नावाचा माणूस होता, १६३७ ते १६८० असं उणंपुरं त्रेचाळीस वर्षांचं आयुष्य. त्या काळी अनेक विद्वान मानत की अळी संपते आणि तिच्या जागी वेगळाच जीव घडतो. स्वामरडामनं कोषावर आलेल्या अळीची कातडी अलगद सोलून आतले पंख, सोंड, पाय लोकांना दाखवले. अळी आणि फुलपाखरू हा एकच जीव आहे हे त्यानं डोळ्यांसमोर ठेवलं, आणि कीटकांच्या बदलांशेजारीच बेडकाचं रूपांतरही मांडलं. आता आपल्याला माहीत आहे की पंखांची सुरुवात अळीच्या अंगात, ती पानं कुरतडत असतानाच झालेली असते, पेशींच्या बारीक चकत्यांच्या रूपात. कोषात सगळं विरघळून नुसता रस होतो असं सर्रास सांगतात, तेही खरं नाही. २०१३ साली जिवंत कोषांचे सीटी स्कॅन करून पाहिले तेव्हा श्वासनलिकांचं जाळं अगदी सुरुवातीपासून स्पष्ट दिसत होतं. तर फुलपाखरू आधीपासून, सगळ्यांदेखत, थोडंथोडं बदलत आलेलं असतं. आणि बेडूक? त्याच्या मागच्या पायांचं सगळं उघड असतं, पण पुढचे पाय कल्ल्यांवरच्या कातडीच्या पडद्याआड वाढतात. बाहेरून काही दिसत नाही, फार तर एक फुगवटा. आत कोपरं, बोटं, सगळं तयार होतं आणि एक दिवस पूर्ण हात कातडीतून बाहेर पडतो. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, पण वहीत त्या फुली मारलेल्या कोषाच्या खाली तिनं पेन्सिलीनं एक हात काढला.

मान-सन्मानात मात्र या दोघांची बरोबरी नाही. राणी पाकोळीला २०१५ साली महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू केलं, राज्य फुलपाखरू ठरवणारं देशातलं हे पहिलं राज्य. भारतातल्या सर्वांत मोठ्या फुलपाखरांत तिची गणना होते, आणि ती अंगणातल्या जास्वंदीवर उतरली की हातातलं काम सोडून माणसं बघत राहतात. बुलफ्रॉगच्या तंगड्या एकेकाळी आपल्याकडून परदेशी ताटांत जात. १९८७ मध्ये भारतानं ती निर्यात बंद केली, शेतातले किडे खाणारे बेडूक घटत चालल्याची चिंता त्यामागे होती. आज जगातल्या उभयचरांपैकी सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत, पृष्ठवंशी प्राण्यांच्या दुसऱ्या कुठल्याही वर्गाची इतकी वाईट अवस्था नाही. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, कातडीतून पाणी पितो, त्यामुळे पाण्यात जे मिसळेल ते त्याच्या अंगात जातं. आपल्या पूर्वजांनी त्याला इतकं खाली बसवलं नव्हतं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक अख्खं सूक्त बेडकांचं आहे, वर्षभर व्रतस्थ मौन पाळून पाऊस येताच बोलू लागलेल्यांचं. आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसांना आधी बेडूक ऐकू आला, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. मला स्वतःला राणी पाकोळी आवडते, तिच्या मागे मी उन्हात वेड्यासारखी फिरते. पण जीव अडकतो तो बेडकात.

इतकं सगळं पालटून गेल्यावर आधीचं काही आठवत असेल का, हा प्रश्न उरतोच. २००८ साली अमेरिकेत तंबाखूवरच्या पतंगाच्या अळ्यांना एक विशिष्ट वास आणि त्यासोबत विजेचा सौम्य झटका दिला गेला. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात हे शिकलेल्या अळ्या कोषातून पतंग होऊन बाहेर आल्या तेव्हाही त्यातल्या बऱ्याच जणी तो वास टाळत होत्या. लहान वयातल्या अळ्यांचं शिकणं मात्र पुढे टिकलं नाही. बेडकांवरचा असाच एक प्रयोग मला जास्त हलवून जातो. अंड्यांत संत्र्याचा गंध सोडला होता. त्या अंड्यांतली भैरं पोहायला लागली तेव्हा संत्र्याच्या गंधाकडे ओढली गेली, आणि शेपूट जाऊन पाय आले, पाण्यातून जमिनीवर आली, तरी ती ओढ गेली नाही. कल्ले गेले, आतडं गेलं, तोंड नवं आलं, आणि अंड्यात असताना भोवती दरवळलेला वास राहिला. राणी पाकोळीची मादी पपनसाच्या पानावर पाय टेकवते तेव्हा तिला आपण कुरतडलेलं पान आठवतं की ती जन्मजात खूण असते, हे मी ठामपणे सांगणार नाही. पण ती टेकते त्या क्षणी मला तो संत्र्याचा गंध आठवतो.

या वर्षी प्लॉटवर पुन्हा हालचाल सुरू झाली आहे. खड्ड्यात भराव टाकून काम चालू करायचं घाटतंय, आणि कुंपणाची नवी भिंत पपनसाच्या मुळांवरून जाणार होती. पपनस वाचवायला फार बोलावं लागलं नाही. सोसायटीच्या बैठकीत ‘राज्य फुलपाखरू’ एवढे दोन शब्द उच्चारले आणि भिंत दोन हात सरकली. खड्ड्याबद्दल बोलायला उभी राहिले तेव्हा कुणी विरोध केला नाही, पण कुणी मान वर करून पाहिलंही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की भराव पडायचा तेव्हा पडू दे, पण गौरी-गणपती होईपर्यंत थांबा, तोवर सगळी पिल्लं पाण्याबाहेर आलेली असतील. तसं मालकाला लेखी दिलंय आणि आता घरोघरी सह्या मागत फिरतेय. तळमजल्यावरच्या आजींनी चष्मा लावून अर्ज शेवटपर्यंत वाचला, सही केली आणि मग विचारलं, “पण डासांचं काय?” मी त्यांना सांगितलं की भैरं आणि चतुरांची पिल्लं भरपूर असलेल्या पाण्यात डासांच्या अळ्यांना फारसा वाव मिळत नाही, आणि डेंग्यूचा डास वाढतो तो टायरांत, पिंपांत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत. त्यांच्या गॅलरीत अशा बऱ्याच ताटल्या पाण्यानं भरलेल्या होत्या. त्या आम्ही दोघींनी मिळून ओतून टाकल्या आणि मी अर्ज घेऊन वरच्या मजल्यावर गेले.